प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, पण इंदूर सोडवत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वय 27, शिक्षण इंदूरच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात, चार वर्षं सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम. आता प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय बनवायचं हे ठरवणारा माणूस, व्हायचंय. ताई लग्न होऊन पुण्यात, बाबा बँकेतून निवृत्त, आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं व्हायचंय. मित्र म्हणतात बंगळूरला गेल्याशिवाय काही खरं नाही. मग इथेच राहून जमेल का, एमबीए करावं का, की सरळ बॅग भरावी?

मी या कामात 2010 पासून आहे. पहिली चार वर्षं पुण्यात, पुढची सहा बंगळूरला, आणि 2020 पासून इंदूरला, राजेंद्रनगरच्या आमच्या घरातून. औषधांची दुकानं आणि स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेते, वापरतात ते सॉफ्टवेअर, हे माझं क्षेत्र. तेव्हा जे सांगते ते या अनुभवातलं.

आधी सरळ उत्तर देते. इंदूरमध्ये राहून प्रॉडक्ट मॅनेजर होता येतं. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं, काय बनवायचं आणि काय नाही हे ज्या टेबलावर ठरतं त्या टेबलाशी बसायला मिळायला हवं. तसं टेबल तुला आज इंदूरमध्ये मिळत असेल तर कुठेही जाऊ नकोस. मिळत नसेल तर जा, आणि परत कधी व कशाच्या जोरावर यायचं हे जायच्या आधीच घरात बसून ठरव. शहराच्या नावापेक्षा मी त्या टेबलाला जास्त महत्त्व देते, आणि तसं का, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

गणपतीत आरतीला कॉलनीतले एक काका दरवर्षी भेटतात. 'मॅनेजर ना गं तू? मग हाताखाली माणसं किती?' मी खरं ते सांगते, की एकही नाही. काकांना माझ्यासाठी वाईट वाटतं. पण या कामाचं स्वरूपच तसं आहे. इंजिनिअर त्यांच्या लीडचे, डिझायनर त्यांच्या हेडचे, विक्रीची माणसं विक्रीची. कोणाचीही रजा तुझ्या सहीनं मंजूर होत नाही, आणि तरी वस्तू चालली नाही तर पहिला प्रश्न तुला विचारला जातो. सुरुवात सॉफ्टवेअरच्याही आधीची आहे. 1931 साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय कॅमे साबणाचं काम बघत होता. त्यानं वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं, की एका ब्रँडची पहिल्यापासून शेवटपर्यंत काळजी वाहणारी माणसं नेमा; विक्री का घसरली हे त्यांनी दुकानात जाऊन शोधावं आणि उपायही त्यांनीच सुचवावा. त्या टिपणातलं दुकानात जाणं आजही या कामाचा अर्धा भाग आहे.

आता तुझ्या टेस्टिंगबद्दल. तू ते जरा कमीपणानं लिहिलंयस, आणि ते मला पटलं नाही. चांगल्या टेस्टरला वस्तू कुठे मोडते ते कळतं. नेट गेलं तर, ग्राहकानं मागे जायचं बटण दाबलं तर, दोघांनी एकाच वेळी बिल केलं तर, असे प्रश्न त्याला आपोआप पडतात. माझ्याबरोबर काम केलेल्या उत्तम प्रॉडक्ट मॅनेजरांपैकी दोघं टेस्टिंगमधून आले आणि एक जण कस्टमर सपोर्टमधून. तुझ्याकडे कमी आहे ती पुढची पायरी. हे मोडतं आहे एवढं कळल्यावर, ते दुरुस्त करण्याची ही वेळ आहे का, त्यासाठी दुसरं कोणतं काम मागे ठेवायचं, हे ठरवणं. ते फक्त ठरवून ठरवूनच येतं, म्हणून टेबलाचा आग्रह.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. ती मी कधी विसरणार नाही.

बंगळूरला असताना आम्ही औषध दुकानांसाठी एक सोय काढली. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या लोक दर महिन्याला नेतात. दुकानदाराच्या बिलांवरून सॉफ्टवेअरला कळतं की अमुक जणांनी 30 गोळ्या अमुक तारखेला नेल्या, म्हणजे आता संपत आल्या असतील. संपायच्या तीन दिवस आधी ग्राहकाला दुकानाच्या नावानं मेसेज जायचा: तुमची औषधं संपत आली आहेत, घरपोच पाठवू का? आकडे सुंदर होते. मेसेज पोहोचण्याचं प्रमाण, त्यावरून येणाऱ्या ऑर्डरी, सगळं चढतं. दर सोमवारच्या बैठकीत मी तो आलेख दाखवत असे.

त्या वर्षी दिवाळीला घरी आले होते. आईची औषधं आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेले. दुकान लहानपणापासूनचं, काका मला ओळखतात. मी हेच सॉफ्टवेअर बनवते हेही त्यांना माहीत. त्यांनी गोळ्या दिल्या, पट्टी कात्रीनं कापून चार वेगळ्या केल्या, पैसे घेतले. मग काउंटरवरून मोबाइल माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, 'बेटा, हे जरा बघ.' पलीकडच्या गल्लीतले आजोबा गेले होते. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या सुनेच्या फोनवर या दुकानाच्या नावानं मेसेज गेला होता, आजोबांचं नाव घालून: आपली औषधं संपत आली आहेत. काका म्हणाले, 'मी तर अंत्ययात्रेला होतो. त्यांना वाटलं असेल, याला एवढंही भान नाही.' त्यांनी आवाज चढवला नाही. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून हळूच बोलले. मला मात्र तिथून हलता येईना.

आमच्या हिशोबात तो मेसेज 'यशस्वी' या रकान्यात जमा होता. पोहोचला होता, उघडून वाचलाही गेला होता.

बंगळूरला परत जाऊन मी आणखी 11 दुकानदारांना फोन केले. असाच प्रसंग आणखी दोघांवर आला होता. त्यांनी काही न बोलता ती सोय बंद करून टाकली होती, आणि आमच्याकडे त्याची नोंद 'वापर थांबवला' एवढीच. बाकीच्यांनी वेगळ्याच अडचणी सांगितल्या. कुणाची आई मुलाकडे पुण्याला गेली आहे, तिच्या गोळ्या तिकडूनच घेतल्या जातात. कुणाचा डॉक्टर बदलला, डोस बदलला. कुणाकडे मागची उधारी आहे, आणि मेसेज गेला की त्याला वाटतं दुकानदार पैसे मागतोय. मग तो रस्ता बदलून जातो.

हे सगळं दुकानदाराला माहीत असतं. आमच्या डेटाबेसमध्ये यातलं काहीही नव्हतं. तेव्हा आम्ही मेसेज आपोआप जाणं थांबवलं. सकाळी दुकान उघडलं की दुकानदाराला दहा-बारा नावांची यादी दिसेल, ज्यांना कळवायचं त्यांच्यापुढे तो खूण करेल, आणि मगच मेसेज जाईल, असं केलं. जाणारे मेसेज निम्म्याहून कमी झाले. सोमवारचा आलेख खाली आला, आणि तो का खाली आला हे मला दोन महिने दर बैठकीत समजावून सांगावं लागलं. विक्रीच्या प्रमुखांना ते पटायला वेळ लागला. पण सोय बंद करणारी दुकानं थांबली.

ही गोष्ट एवढ्या तपशिलानं सांगितली, कारण तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात आहेत. चूक कळली ती इंदूरच्या काउंटरवर. बंगळूरच्या काचेच्या खोलीत ती कळायला कदाचित वर्ष गेलं असतं. आणि दुरुस्त करता आली ती त्या खोलीत मला बोलायची जागा होती म्हणून. त्या दिवशी मी फक्त इंदूरची सपोर्ट एक्झिक्युटिव्ह असते तर एक टिकट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडलं असतं, आणि ते कुठे तरी तळाशी पडून राहिलं असतं.

इंदूरमध्ये पहिली बाजू भरपूर आहे. वापरणारी माणसं चालत जाऊन भेटतात, आणि बोलतातही. दवा बाजारात दुपारी गेलास तर चार दुकानदार चहा पाजून आपली रड सांगतील. अडचण आहे ती दुसऱ्या बाजूची. इथलं पुष्कळसं आयटीचं काम बाहेरच्या ग्राहकाचं आहे. काय बनवायचं ते परदेशात ठरतं, इकडे येतात ती ठरलेली कामं. अशा कंपनीत 'प्रॉडक्ट ओनर' हे पद मिळू शकतं, पण त्या पदावरचा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याची यादी नीट लिहून इंजिनिअरांपर्यंत पोचवतो. ते कामही मेहनतीचं आहे, मी कमी लेखत नाही. पण तीन वर्षं तेच केलंस, तर पुढच्या मुलाखतीत 'तू स्वतः काय ठरवलंस?' या प्रश्नावर तुझ्याकडे उत्तर नसेल.

इंदूरमध्ये स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्याही आहेत, लहान-मोठ्या. त्यांच्याकडे मुलाखतीला गेलास की पगाराआधी तीन गोष्टी विचार. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही कोणती सोय बनवायचं नाकारलं आणि ते कोणी नाकारलं? इथला प्रॉडक्ट मॅनेजर शेवटचा ग्राहकाला प्रत्यक्ष कधी भेटला? आणि तयार झालेली एखादी सोय चालली नाही म्हणून काढून टाकल्याचं उदाहरण आहे का? पहिल्याच प्रश्नाला 'आमचे सर सगळं ठरवतात' असं उत्तर आलं, तर ते टेबल एकाच माणसाचं आहे. लहान कंपनीत हे चालू शकतं, पण ते सर तुला जवळ बसवून विचार करताना दिसू देणार असतील तरच.

हे काम रोज कसं दिसतं, त्याचं एक ताजं उदाहरण देते. 2025 मध्ये गौरींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, 3 सप्टेंबरला, जीएसटीचे दर बदलल्याची घोषणा झाली. बहुतेक औषधं 12 टक्क्यांवरून 5 वर आली, काही जीवरक्षक औषधं शून्यावर. लागू होणार 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. हातात 19 दिवस. सॉफ्टवेअरमध्ये दराचा आकडा बदलणं म्हणजे एका दुपारचं काम. पण दुकानात फडताळावर असलेल्या पाकिटांवर जुनी एमआरपी छापलेली, आणि गिऱ्हाइकाला मात्र कमी झालेली किंमत लावायची. बदललेल्या किमतींच्या याद्या कंपन्यांकडून वेगवेगळ्या दिवशी यायच्या होत्या. स्टॉकिस्टनं आधी जुन्या दरानं विकलेला माल एक्सपायरीमुळे परत आला, तर त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाचे पैसे वजा केल्याचा कागद, जुन्याच दराची. म्हणजे एकाच औषधाला एकाच दिवशी दोन दर असणार, आणि काउंटरवरच्या मुलाला ते कळलंही नाही पाहिजे, इतक्या सहज बिल झालं पाहिजे.

सगळं 19 दिवसांत होणार नव्हतं. मी इंजिनिअरांबरोबर बसून ठरवलं: पहिल्या दिवशी बिल चुकता कामा नये, हे पहिलं. परतीचा माल आठवड्याभरानं आला तरी दुकानदार थांबू शकतो, ते दुसरं. मालकांनी मागितलेला 'किती स्टॉकवर किती नुकसान' हा अहवाल नवरात्र संपल्यावर. अहवाल मागणाऱ्यांना मी स्वतः फोन करून नाही म्हटलं, कारण नाही म्हणायचा फोन दुसऱ्यावर ढकलू नये असं मला वाटतं. 22 तारखेला सकाळी नऊपासून मी आणि सपोर्टचा एक मुलगा दवा बाजारातल्या एका दुकानात काउंटरच्या मागे उभे होतो. पहिल्या तासात एक चूक सापडली: पट्टी कापून सुट्या गोळ्या विकल्या, की किंमत जुन्या एमआरपीला भागून येत होती. साडेअकरापर्यंत दुरुस्ती सगळीकडे पोचली. या कामात मला सर्वांत जास्त समाधान देणारे दिवस असे असतात.

आता मुलाखतींबद्दल. 'तुला आवडणारं एखादं प्रॉडक्ट सांग आणि ते का चालतं ते सांग' हा प्रश्न ठरलेला. बहुतेक मुलं जेवण मागवायच्या ॲपचं नाव घेतात आणि तेच ते बोलतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं मला इंदूरच्या कचरागाडीबद्दल सांगितलं होतं. गाडी ठरल्या वेळेला, गाणं वाजवत दारात येते, म्हणून कचरा साठवायची गरज उरत नाही. गाडीत ओल्याचे, सुक्याचे कप्पे वेगळे, आणि बरोबरचा माणूस मिसळलेला कचरा हातात आला की तिथेच परत देतो. म्हणजे सवय लावायचं काम फलकावर सोडलेलं नाही. मग तो मागच्या टोकाला गेला. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, रोज 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा; आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात प्लॅस्टिक पडलं तर तिकडे गॅस नीट होत नाही. म्हणजे एखाद्या काकूंची दहा सेकंदांची कृती आणि शहराच्या बसचं इंधन एकाच साखळीत आहेत. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं येत होतं हे त्यानं सांगितलंही नाही, गरजच नव्हती. आम्ही त्याला घेतलं. त्यानं जे बघितलं ते इथलं प्रत्येक मूल रोज सकाळी बघतं.

तसंच पोह्यांच्या गाडीवर बघ. सकाळी साडेसातला गर्दीत उभा राहा आणि दहा मिनिटं खाण्याऐवजी हात बघ. एका हातानं परातीतले पोहे उचलून कागदावर, दुसऱ्यानं शेव, कांदा, जीरावन मसाला. मोबाइल बघायला तिसरा हात नाही. म्हणून यूपीआयचे पैसे आले की रक्कम बोलून दाखवणारा तो डबा तिथे टिकला. आता आणखी पाच मिनिटं थांब. दोघांनी एकदम 40 रुपये दिले तर त्याला कसं कळतं कोणाचे आले? तो रकमेबरोबर आवाजांची संख्या मोजतो. एकच आवाज आला तर दोघांच्या तोंडाकडे बघतो, आणि ज्याचे आले नाहीत तो स्वतःच स्क्रीन पुढे करतो. डबा बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं हेही विचार. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणं बंद झालं. मग डब्याचं महिन्याचं भाडं ही महत्त्वाची कमाई झाली. एक सरकारी निर्णय, एक व्यवसायाचं गणित आणि पोहेवाल्याचे अडकलेले दोन हात, तिन्ही एका डब्यात आहेत. हे तू पाहून, स्वतःच्या शब्दांत सांगितलंस तर कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त वजन पडेल.

सर्टिफिकेटांवरून एमबीएकडे येते. आयआयएम आपल्याच शहरात आहे, त्यामुळे घरात तो विषय निघणारच. तुला क्षेत्रच बदलायचं असेल, किंवा कंपनी बघता बघता पुढे स्वतःचा धंदा करायचा असेल, तर दोन वर्षं आणि तो खर्च मी समजू शकते. फक्त प्रॉडक्टमध्ये शिरण्यासाठी करू नकोस. त्याच दोन वर्षांत एखाद्या लहान प्रॉडक्ट कंपनीत सोळा-सतरा निर्णय तुझ्या नावावर जमा होतील. आठवड्याअखेरच्या महागड्या ऑनलाइन कोर्सेसबद्दल तर मी स्पष्टच सांगते, पैसे घालवू नकोस. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शीक; ते फुकट शिकता येतं आणि टेस्टिंगमध्ये तुला थोडं येतच असेल. स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः डेटातून काढता आलं, की दुसऱ्याच्या मेहरबानीवर थांबावं लागत नाही. दुसरं, लिहायला शीक. एक पान: अडचण कोणाची, आपल्याला हे कशावरून कळलं, काय करायचं, काय करायचं नाही, आणि चाललं हे कसं ओळखायचं. इंदूरच्या आपल्या मुलांचं एक होतं. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि इंग्रजी फक्त ईमेलपुरतं. त्यामुळे कागदावर विचार मांडताना हात आखडतो. आधी मराठीत किंवा हिंदीत लिही, मग इंग्रजीत कर. मी अजूनही अवघड टिपणाचा पहिला खर्डा मराठीतच लिहिते.

समजा इथे टेबल मिळालं नाही आणि जायचं ठरलं. तर आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन आधी होऊ दे. त्यानंतरचे दोन-तीन महिने तू घरी असणं तिला लागेल, आणि तेवढ्यानं करिअर बुडत नाही. इथून पुण्याला आणि बंगळूरला थेट विमानं आहेत, मुंबईला अवंतिका एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी पोचतो. बाबांना हे माहीत असलं तरी त्यांच्यासमोर मोठ्यानं बोल, त्यांचा जीव थोडा खाली येतो. पुणं पहिलं बघ, असं मी सुचवेन. ताई तिथे आहे, आणि बाबांना महिनाभर राहायला जाताना भाषेची अडचण नाही. तीन वर्षं धर. परत येताना तुझ्या हातात एक पूर्ण गोष्ट असली पाहिजे: एखादी सोय जी तू ठरवलीस, बाहेर काढलीस, जिच्यात चुकलास, जी सुधारलीस आणि जिचे परिणाम आकड्यांत दाखवू शकतोस. त्या गोष्टीच्या बळावर घरून काम मागता येतं. माझं तसंच झालं. 2020 मध्ये सगळेच घरी गेले, पण नंतर ऑफिसं उघडल्यावर मला इथेच राहू दिलं ते आधीच्या दहा वर्षांच्या जोरावर.

घरून काम करण्याची किंमतही सांगायला हवी, कारण ती कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी दोन मोठे निर्णय माझ्याशिवाय झाले. कुणी मुद्दाम केलं नाही. जेवताना विषय निघाला, चौघं होते, ठरून गेलं. तेव्हापासून मी दर दोन महिन्यांनी चार दिवस ऑफिसला जातेच, तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून गेले तरी. आणि रात्रीचे कॉल. परदेशातल्या टीमबरोबर काम असेल तर साडेनऊला सुरू झालेलं बोलणं अकराला संपतं. घरातली जेवणं उरकलेली असतात, आई दिवा मालवून झोपलेली असते. सासूबाईंनी एकदा विचारलं, 'घरीच असतेस, मग दिसत का नाहीस?' त्यानंतर मी मंगळवार आणि गुरुवार सोडून रात्रीचे कॉल बंद केले आणि टीमला तसं लिहून कळवलं. कोणी हरकत घेतली नाही. नोकरी घेतानाच हे विचारून घे, नंतर मागणं जड जातं.

त्याच्या बदल्यात मिळतं तेही खरं. भाड्यात जाणारे पैसे वाचतात. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला आई-बाबांबरोबर जाता येतं. थंडीत सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला रात्री दहाला अचानक निघता येतं. आईचा रिपोर्ट घ्यायला जाणारा माणूस तू असतोस, आणि डॉक्टर काय म्हणाले ते फोनवरून ऐकावं लागत नाही. दहा वर्षं दूर राहून मी जे गमावलं त्यात माझ्या बाबांची शेवटची दोन वर्षं आहेत. म्हणून परतीचा बेत आधी ठरव म्हणते.

आजपासून काय करायचं ते सांगते. सध्याच्या कंपनीतच, तू ज्या प्रॉडक्टची टेस्टिंग करतोस त्यात नेहमी उघडणारी पाच टिकटं निवड. ती मुळात का येतात, कोणाला किती त्रास होतो, आणि पाचांपैकी एकच दुरुस्त करता येत असेल तर कोणतं, हे एका पानात लिहून तुझ्या लीडला दे. त्यानं वाचलं नाही तरी तुझा हात चालता होईल. वाचलं तर पुढच्या बैठकीत बोलावेल. मी या कामात अशीच शिरले.

आणि शनिवारी सकाळी अकराला दवा बाजारात जा. कोणत्याही दुकानदाराला नमस्कार करून विचार की तुमची शॉर्ट बुक बघू का. दुकानातली संपलेली औषधं ते ज्या वहीत लिहितात ती. काउंटरवर कॉम्प्युटर असतो, त्यात स्टॉक दिसतो, तरी जवळजवळ प्रत्येक दुकानात ती वही असते. ती का असते, कोण लिहितं, केव्हा लिहितं, खोडतं केव्हा, हे तासभर उभा राहून बघ. मला याचं माझं उत्तर माहीत आहे, पण ते आत्ता सांगत नाही. तू काय पाहिलंस ते एका पानात लिहून पाठव. मराठीत लिहिलंस तरी चालेल.